गुड्डीला, ३० एप्रिलच्या आदल्या रात्री

गुड्डी बेटा,

रात्रीचे साडेदहा झाले. लाईट आत्ताच आली, कुलर सुरू आहे पण तोही गरमच हवा फेकून राहिला, आजी ओसरीत खाटेवर झोपली आणि मी दारात बसून हे टाइप करून राहिली. फोनच करणार होती. पण फोनवर माझ्या तोंडून परत तेच निघेल, म्हणून लिहून काढते. अंगणवाडीचं ते मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर भरून भरून आता बोटं बऱ्यापैकी चालतात माझी.

सोमवारी तुझा नेदरलँडहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा तू नारंगी टीशर्ट घातलेला, गालावर नारंगी पट्टा, मागे कालव्यात बोटी आणि बोटींवर माणसंच माणसं, त्यांच्या राजाचा वाढदिवस म्हणून. त्या गोंगाटात तू सांगतलं की पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मी खूश झाली, खरंच झाली, शेजारी मोठ्या बाईला आवाज देऊन सांगायलाही निघाली होती. मग तू म्हणाली, आई तूही इकडे ये, बाग देऊन टाक कोणाला ठेक्याने. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हटलं, राहा मग तिकडेच, माझ्या मातीलाही येऊ नको.

तू फोन ठेवला नाही, नुसती चूप झाली. तुझ्या मागे लोक गाणं म्हणून राहिले होते. असं मी बोलायला नको होतं बेटा. आज एवढंच लिहायचं होतं, आणि वाढदिवसाचा आशीर्वाद.

उद्या पहाटे रामधून निघेल, भजनं म्हणत गावभर. ग्रामपंचायतीने नाल्या उपसल्या, शाळेचं पटांगण झाडून झालं, अंगणवाडीसमोरची रांगोळी माझ्याकडे आहे. तुला आठवते ना, पाच-सहा वर्षांची होईपर्यंत तुला वाटायचं की सगळं गाव तुझ्या वाढदिवसासाठी झाडतात. बाबांनी कधी सांगतलंच नाही की ही तुकडोजी महाराजांची जयंती आहे, गावोगावी ग्रामजयंती म्हणून करतात. मी सांगून टाकलं तर किती रडली होती तू! मग बाबांनी समजावलं, महाराज ३० एप्रिल १९०९ चे आणि तू ३० एप्रिल २००० ची, तारीख एकच, म्हणजे झाडलेल्या गावात अर्धा वाटा तुझा. तू झाली त्या पहाटे बाबा रामधूनमध्येच होते, पिंट्या धावत सांगायला गेला तर हातात खंजेरी तशीच घेऊन उपकेंद्रात आले, नर्सबाई ओरडली त्यांच्यावर.

मंगळवारी तुझी पेटी उघडली. रागात उघडली होती, काय शोधत होती मलाच माहीत नाही. त्यात तुझी आठवीतली वही निघाली, "३० एप्रिलवाले" लिहिलेली. एका बाजूला नाव, जन्माचं साल, गाव. महाराज, यावली. दादासाहेब फाळके, १८७०, त्र्यंबकेश्वर. तो जर्मनीचा गणितवाला गाऊस, १७७७, ब्राउनश्वाइग. आणि नेदरलँडची राणी ज्युलियाना, १९०९, हेग, आणि तिच्यापुढे तू लाल पेनाने लिहिलं होतं "महाराजांच्याच दिवशी, त्याच वर्षी!!!" दोन उद्गारचिन्हं असती तर समजू शकते, तीन होते. तेव्हा कुठे माहीत होतं की हीच पोट्टी एक दिवस त्या राणीच्या देशात जाऊन बसेल.

वहीत दुसरा रकाना तू आखला होता पण भरला नाही. मी तो भरून राहिली दोन दिवसांपासून, पेन्सिलीने, की हे सगळे शेवटी कुठे गेले, कुठे ठेवलं त्यांना. तुला हे बरं वाटणार नाही, वाढदिवसाच्या तोंडावर आई असलं काय शोधून राहिली. पण सोमवारपासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही.

महाराजांचं तर आपल्याला शोधावं लागत नाही. ११ ऑक्टोबर १९६८ ला आपल्या आश्रमात, गुरुकुंजातच गेले, कॅन्सरने, ५९ वर्षं फक्त वय, आणि समाधी तिथेच मोझरीला. तू तीन वर्षांची असताना पुण्यतिथीला नेलं होतं तुला. ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन सुरू झालं, एवढी हजारो माणसं आणि पाखराचा आवाज ऐकू येईल अशी शांतता, आणि तुझ्या हातात पार्लेचा पुडा. तू तो फोडायला घेतला होता, कागद कडकड वाजला, आणि तू आजूबाजूला पाहिलं आणि तसाच अर्धा फाडलेला धरून ठेवला, बोट हलवलं नाही मौन संपेपर्यंत. बाबा सगळ्या गावाला सांगत फिरले होते ते. माझी पोरगी समजदार आहे. मला तेव्हापासून माहीत आहे तू समजदार आहेस, म्हणूनच तर भीती वाटते. येडी असती तर ओरडून बोलावून घेतलं असतं.

फाळके त्र्यंबकला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले, घरापासून फार लांब नाही. स्मारक पांडवलेणीच्या पायथ्याशी आहे. ज्युलियाना हेगला जन्मली आणि तुझ्या डेल्फ्टमध्ये आहे. पहिल्या वर्षी तू त्या चर्चमधून फोन केला होता, चौकातलं ते उंच बुरुजाचं, आणि मी म्हटलं होतं की तुझ्या तारखेची आहे, एखादं फूल वाहा. तू म्हणाली आई खाली तळघरात जाऊ देत नाहीत, राजघराण्यातलं कोणी गेलं तरच ती शिळा उघडते. २००४ मध्ये गेली, ९४ वर्षांची होऊन. तिच्या आईची अंत्ययात्रा तर सगळी पांढरी होती म्हणे, तिनेच सांगून ठेवलं होतं. मला ते वाचून इतकं आपलं वाटलं.

आणि तू ज्या बांधांचं शिकली त्याचंही तिच्यापाशीच लागते. ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत घुसला, १८३६ माणसं गेली, आणि ही राणी गमबूट घालून चिखलात फिरली माणसांना भेटत. त्याच्यानंतर ते मोठे बांध झाले ना? तेच काम आता माझी पोरगी करते. हे मी अंगणवाडीत मदतनीस बाईला सांगतलं, सुपरवायझर मॅडम आल्या तर त्यांनाही सांगतलं, किराणावाल्यालाही सांगतलं. तुला सांगतलं नाही कधी.

पण तिकडे पाच वर्षं म्हणजे पाचच राहत नाहीत. पाचाचे दहा होतात, मग घराचं कर्ज, मग तिकडचं पासपोर्ट. कर्ज काढून घर घेऊ नको लगेच. सायकल ओल्या रस्त्यावर जोरात चालवू नको, ब्रेडवर राहू नको, आजीने शेवया अन् कुरडया पाठवल्या त्या डब्यात तशाच पडून असतील, आणि पैसे मला पाठवण्याआधी स्वतःच्या नावाने ठेव, आणि लग्नाचं मी काही म्हणत नाही पण... जाऊ दे. चालली मी परत तिकडेच. माफ कर. हे सगळं तुला कळते.

तर रकाना भरताना मला दिसलं की तीन जण आपापल्या घराजवळच आहेत. मनात म्हटलं, पाहा, मोठमोठी माणसं पण शेवटी घराजवळ. हे तुला लिहून पाठवायचं असं ठरवलं होतं, तुला हरवायला. मग त्याच चर्चचं पुढे वाचलं. त्या घराण्याचा मूळ पुरुष विल्यम, त्याला १५८४ मध्ये डेल्फ्टलाच गोळ्या घातल्या, आणि त्याच्या घराण्याची जागा होती ब्रेडा गावात, पण ते शत्रूच्या हातात होतं. नेताच येईना. म्हणून जिथे पडला तिथेच ठेवला, आणि मग त्याच्यामागून बहुतेक सगळेच तिथे येत गेले. त्याचा तो संगमरवरी पुतळा तू दाखवला होता, पायाशी कुत्रा बसलेला. तो पाहून मी फोन दुसरीकडे वळवला होता, तुला वाटलं नेटवर्क गेलं. बाबा गेल्यावर आपला वाघ्या विहिरीपाशी किती दिवस पडून राहिला तुला आठवते.

नेताच येईना. हे मला कोणी समजावून सांगायला नको.

२०२१ चा एप्रिल, बावीस तारीख. तू पुण्यात अडकली, मी इथे पॉझिटिव्ह, दवाखान्यातून फोन आला आणि कोणाला जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी काकांनी मडकं आणलं. वर लाल कापड बांधलेलं आणि कापडावर स्केचपेनने नंबर, नाव नाही, नुसता नंबर. मी ते मडकं मांडीवर घेऊन बसली आणि कापड सोडू देईना कोणाला. अर्धं कौंडण्यपूरला वर्धेत सोडलं, अर्धं विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली. गावात इतक्यांच्या मातीला गेलेले तुझे बाबा, खांदा द्यायला सगळ्यात पुढे, आणि त्यांच्या मातीला घरचं एक माणूस नाही. आठ दिवसांनी तुझा वाढदिवस होता. त्या वर्षी रामधूनही निघाली नाही.

म्हणून तो शब्द निघाला माझ्या तोंडून बेटा. तुला लागावा म्हणून नाही निघाला. मी दिवसा बागेत जाते, आंबिया बहाराची बारकी फळं गळून राहिली या उन्हात, ती वेचते, आणि डोक्यात हिशोबच सुरू असतो, की तिकडून विमान, मग मुंबई, मग नागपूर, मग गाडी, किती तास होतात, एवढे तास ठेवतील का मला उन्हाळ्यात, आणि हिवाळा असला तर बरं. हे काही बरोबर नाही, मी धडधाकट आहे, बीपीची गोळी सोडून काही नाही. मागच्या महिन्यात शुगरही नॉर्मल आली. रिपोर्ट पाठवते.

रुक्मिणीचं माहेर आपल्याच तालुक्यात कौंडण्यपूरला, आणि उभी आहे ती पंढरपुरात. आजी दरवर्षी पालखीला हात लावताना म्हणते, "लेकीची जात हाये, जाईनच." मला त्या म्हणण्याचा आजवर राग येत होता.

आता गाऊसचं. चौथा तो. ब्राउनश्वाइगला जन्मला आणि गॉटिंगेनमध्ये पुरला, १८५५ साली, आल्बानी नावाच्या कब्रस्तानात. पण मी अडकली ती दुसऱ्याच गोष्टीपाशी. त्याची आई शिकलेली नव्हती, पोराची जन्मतारीख तिने लिहून ठेवली नाही. तिला एवढंच आठवायचं की बुधवार होता आणि त्यांच्या येशू स्वर्गात गेल्याच्या सणाला आठ दिवस बाकी होते. तो सण ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टर दरवर्षी हलते, आपल्या सणांसारखं. तर त्या पोराने मोठं होऊन ईस्टर काढायचं गणितच बसवलं, कोणत्याही सालाचं, आणि स्वतःची तारीख काढली. ३० एप्रिल. आणि त्याच आईला त्याने शेवटी आपल्यापाशी गॉटिंगेनला आणलं, २२ वर्षं तिथे राहिली ती पोराच्या घरी, डोळे गेले तरी, नव्वदीच्या पुढे जगली.

हे वाचून मी वही बंद केली होती काल.

बाग ठेक्याने द्यायची नाही. आजीला सोडून मी कुठे जात नाही, आणि आजी खाट सोडून कुठे जात नाही, हे तुलाही माहीत आहे. पण दोन-तीन महिने, मृगाच्या आधी की दिवाळीनंतर, मोठी बाई आजीजवळ राहायला तयार आहे, मी विचारलं आज. पासपोर्टचं कसं करतात ते सेतू केंद्रावाल्या पोराला विचारलं, तो म्हणे काकू जन्मतारखेचा पुरावा लागेल. टीसीवर १ जून १९७४ आहे. अर्ध्या गावाची १ जूनच आहे, गुरुजींनी नाव घालताना टाकलेली, मी तर आता लेकरांची तारीख, वेळ, वजन सगळं रजिस्टरला घेते म्हणून मला त्याचं जास्तच वाटते. पासपोर्टवर तीच टाकू दे, कागद जुळले पाहिजेत.

पण खरी तू काढून दे. माझी आई सांगायची की तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल घेऊन दारात आलेली, आणि बाजाराचा दिवस, आमच्या गावचा बाजार बुधवारचा. साल त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर की पंच्याहत्तर हे तिला सांगता येत नव्हतं. तीनपैकी कोणत्या साली तान्हा पोळा बुधवारी आला ते पाहा. तुझ्या गाऊसचाही बुधवारच होता.

उद्या साडेपाचला रामधून निघेल तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे दोन असतील. झोप, उचलू नको, मी रेकॉर्ड करून टाकते. पहिली खंजेरी पिंट्याच्या हातात आहे यंदा, बाबांची.

तुझी आई