सही झाल्यानंतरचा करार कोण वाचतो? वित्तमंत्र्यांना खुले पत्र

मा. वित्तमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

सरकारी करारांची नियमपालन आणि भ्रष्टाचाराचा धोका या दोन्ही अंगांनी छाननी करण्याचं आपण जाहीर केलंत, ते बरं झालं. माझी सगळी नोकरी टेंडरच्या फायली वाचण्यातच गेली, त्यामुळे घोषणेसोबतचा छाननीचा तक्ता मी बारकाईनं वाचला. जाहिरात पुरेसे दिवस होती का, बयाणा रक्कम भरली का, पात्रतेचे निकष सगळ्यांना सारखे लावले का, विधी खात्याचा अभिप्राय घेतला का. प्रश्न सगळे रास्त आहेत. पण तक्त्यातला शेवटचा प्रश्न करारावर सही होते त्या दिवशी संपतो, आणि माझ्या अनुभवात पैसा मुरतो तो बहुतेकदा त्यानंतर.

सहीआधीची तपासणी निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदांमध्ये एकाच शब्दाची एकच चूक सापडते, तिघांच्या बँक हमीपत्रांचे क्रमांक ओळीनं लागतात, तेव्हा स्पर्धा कुठल्या टेबलावर झाली ते वेगळं सांगावं लागत नाही. अटी अशा घातल्या जातात की एकच माणूस त्यात बसावा. एकाच निविदेवर काम देण्याचं प्रमाण हे तर जगभर धोक्याचं पहिलं लक्षण मानतात. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की तिथे हे प्रमाण २०११ मधल्या २३.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४१.८ टक्क्यांवर गेलं. एकच निविदा आली म्हणजे लबाडी झालीच असं नव्हे, पण फाईल पुन्हा उघडायला तेवढं कारण पुरतं. हे सगळं तपासायला माणसं आहेत, आता संगणकही आहेत. तेव्हा याबद्दल जास्त लिहीत नाही.

मला सांगायचं आहे ते दरांविषयी.

समजा, एका खोदकामाच्या अंदाजपत्रकात माती १०,००० घनमीटर आणि खडक ५०० घनमीटर धरला आहे. पहिल्या ठेकेदारानं घनमीटरमागे मातीला १०० रुपये आणि खडकाला ४०० रुपये असा दर भरला. दुसऱ्यानं मातीला फक्त ७०, पण खडकाला ९००. बेरीज केली तर पहिल्याची निविदा १२ लाखांची आणि दुसऱ्याची साडेअकरा लाखांची. काम दुसऱ्याला मिळतं. नियम तंतोतंत पाळले गेले आणि आपल्या तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण झाली.

पुढे काम सुरू झाल्यावर ‘अनपेक्षित भूस्तर’ असा शेरा येतो. खडक ५०० ऐवजी २,००० घनमीटर निघतो आणि माती ८,५०० वर येते. एकूण खोदकाम होतं तेवढंच, १०,५०० घनमीटर. बिल मात्र २३ लाख ९५ हजारांचं होतं. डावललेल्या पहिल्या ठेकेदाराच्या दरानं हेच काम साडेसोळा लाखांत झालं असतं. यात कुणी खोटी सही केलेली नाही, दर बदललेला नाही. मोजमाप पुस्तिकेवर कनिष्ठ अभियंत्याची सही आहे, वाढीव परिमाणाला वरिष्ठांची मंजुरी आहे, सगळं कागदोपत्री चोख. प्रश्न एवढाच की खडक निघणार हे एकालाच आधी कसं कळलं? मातीत तोटा सोसून खडकाला दुप्पट-तिप्पट दर भरणारा माणूस जुगारी तरी असतो, नाहीतर त्याला कुणीतरी पत्ते दाखवलेले असतात.

ही लबाडी निविदेच्या दिवशी अर्धीच दिसते. उरलेली अर्धी दिसायला अंतिम बिल हातात यावं लागतं, आणि तोपर्यंत छाननी करणारे पुढच्या टेंडरकडे वळलेले असतात.

ओडेब्रेश्त या ब्राझिलियन बांधकाम कंपनीचं प्रकरण आपल्याला माहीत असेलच. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी न्याय खात्यासमोर तिनं १२ देशांत मिळून सुमारे ७८.८ कोटी डॉलर लाच दिल्याची कबुली दिली. लाचेचा हिशेब ठेवायला कंपनीत स्वतंत्र विभाग होता म्हणे, आणि तो शिस्तीत चालायचा! अर्थतज्ज्ञांनी पुढे तिच्या प्रकल्पांची तुलना केली, तेव्हा लाच दिलेल्या प्रकल्पांत करारानंतरच्या फेरवाटाघाटींतून वाढलेला खर्च लाच न दिलेल्या प्रकल्पांपेक्षा कितीतरी जास्त निघाला. म्हणजे काम मिळवताना भाव पाडायचा आणि करारातल्या दुरुस्त्यांमधून वसूल करायचा. वरच्या खोदकामाचीच ही मोठी आवृत्ती.

यावर उपाय केलेले देश आहेत. स्लोव्हाकियात २०११ पासून सरकारी करार इंटरनेटवरच्या केंद्रीय नोंदवहीत प्रसिद्ध झाल्याशिवाय अमलातच येत नाही, आणि तीन महिन्यांत प्रसिद्ध केला नाही तर तो झालाच नाही असं धरतात. करारातल्या दुरुस्त्यांनाही तोच नियम. ब्रिटनच्या २०२३ च्या खरेदी कायद्यात मोठ्या बदलांची सूचना जाहीर करणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या सरकारी खरेदीविषयीच्या २०१४ च्या निर्देशात काही प्रकारच्या बदलांवर मूळ किमतीच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. पण तिथे एक फट राहिली आहे. ही मर्यादा प्रत्येक बदलाला वेगळी लागते, बदलांच्या बेरजेला लागत नाही. नियम चुकवण्यासाठी तुकडे पाडू नयेत असं लिहिलेलं आहे खरं, पण हेतू सिद्ध करता करता काम पूर्ण होऊन जातं. आपण नियम कराल तेव्हा ही फट उचलू नका. मर्यादा बेरजेलाच हवी, आणि वाढीव कामाच्या प्रत्येक आदेशावर ‘मूळ किंमत इतकी, आजवरची वाढ इतकी’ हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले हवेत. तो आदेश प्रसिद्ध होईपर्यंत त्यातलं बिल निघू नये.

दुसरी मागणी याहून सोपी आहे. प्रत्येक मोठ्या कामाचं अंतिम बिल देण्याआधी, प्रत्यक्ष झालेल्या परिमाणांवर सगळ्या मूळ निविदांचे दर पुन्हा लावून बघा. ज्याला सर्वात कमी म्हणून काम दिलं तो अजूनही सर्वात कमी आहे का? उत्तर ‘नाही’ आलं की लगेच चोर ठरवू नये. पण त्या फाईलवर लेखी खुलासा असल्याशिवाय बिल पुढे जाऊ नये.

कारण बदल खरेही असतात. जमिनीखाली काय आहे ते पूर्ण कुणालाच कळत नाही. पूर येतो, आराखडा चुकतो, लोहमार्गाची परवानगी रखडते. छाननीच्या धाकानं अभियंत्यांनी गरजेच्या बदलावरही सही टाळली तर अर्धवट पूल उभे राहतील, आणि त्याची किंमत लाचेपेक्षा कमी नसेल. हा धोका मी हलका मानत नाही. म्हणूनच मला बंदी नको आहे, कारणं त्याच वेळी लिहिलेली हवी आहेत. खडक लागला तर त्या दिवशीचा फोटो, खोली, नमुन्याचा अहवाल. दोन वर्षांनी लेखापरीक्षकाची शंका आल्यावर तयार केलेला खुलासा मी इतक्या वेळा वाचला आहे, की त्याची भाषा मला पाठ आहे.

राहता राहिला प्रश्न छाननी कोण करणार याचा. आपल्या योजनेत छाननी कक्ष त्या-त्या खात्याच्या सचिवाखाली ठेवला आहे. ज्यानं वाढीव कामाला मंजुरी दिली त्याच्याच हाताखालचा माणूस त्या मंजुरीवर शेरा कसा मारणार? मारलाच, तर पुढच्या महिन्यात तो कुठे असेल हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतं. कक्ष वित्त खात्याकडे घ्या, त्यातल्या माणसांना ठरावीक मुदत द्या, आणि मुदतीआधी बदली झाली तर तिचं कारण विधिमंडळापुढे ठेवा.

यातले दर पुन्हा लावून बघायला नवा कायदा लागत नाही, की नवं सॉफ्टवेअर. मूळ निविदांचे दर आणि अंतिम मोजमापं दोन्ही आपल्याच कार्यालयांत पडून आहेत. गेल्या वर्षी पूर्ण झालेली दहा मोठी कामं चिठ्ठी टाकून निवडा आणि ही एक आकडेमोड करून घ्या. एका माणसाचं आठवड्याभराचं काम आहे. जो निकाल येईल तो, सोयीचा असो वा नसो, पुढच्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा, ही विनंती.

कळावे.

आपला,
सरकारी फायली वाचणारा एक लेखापरीक्षक