शिक्षणमंत्री साहेब, मुलांना वेबवर लिहू द्या की

माननीय शिक्षणमंत्री साहेब,

नमस्कार. आधी 'विषय', मग 'संदर्भ', मग 'महोदय' असं सगळं ओळीने लिहायला हवं होतं, मी भाषेचीच शिक्षिका आहे आणि ते नसलं की मुलांचा अर्धा मार्क कापते. पण आज माझा कापा, काही हरकत नाही, कारण जे बोलायचंय ते त्या साच्यात बसत नाहीये.

डिजिटल शिक्षणावरची तुमची भाषणं मी ऐकते, अगदी खोटं नाही सांगत, बसून पूर्ण ऐकते. त्यात एक शब्द सारखा येतो, 'पोचवणे'. कंटेंट पोचवणे, व्हिडिओ पोचवणे, टॅबलेट पोचवणे. म्हणजे इंटरनेट हा एक मोठा पाइप आहे, तुमच्या बाजूने ज्ञान ओतायचं आणि त्या टोकाला मूल तोंड उघडून बसलेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की वेब असं कधी नव्हतंच.

वेब ज्यांनी काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या शेवटी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर बनवला ना, तो नुसता पानं दाखवायचा नाही, त्यातच पान लिहिता यायचं, बदलता यायचं, लिंक जोडता यायची. वाचायची खिडकी आणि लिहायची वही एकच. पण तो चालायचा फक्त नेक्स्ट नावाच्या महागड्या कॉम्प्युटरवर, बाकीच्यांसाठी जे साधे ब्राउझर आले ते फक्त वाचणारे, आणि १९९३ मध्ये मोझॅक नावाचा ब्राउझर आला, लोकांना वेब आवडायला लागलं, पण त्यातही लिहिणं नव्हतंच. असं ते लिहिणं गळून पडलं. मग १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी विकी काढली, कुणीही यावं आणि पान बदलावं, २००१ मध्ये विकिपीडिया आला, आणि २००४ च्या सुमारास या सगळ्याला लोक वेब २.० म्हणायला लागले जसं काही नवीनच सापडलंय. नवीन काही नाही, हरवलेली वही परत मिळाली. आणि आता तुमचे अधिकारी ती परत काढून घेतायत, शाळांच्या ॲपमध्ये.

आमच्याकडे एक ॲप आलंय, नाव नको. पुस्तकाची पीडीएफ, वर व्हिडिओ, खाली 'पुढे' असं बटण, आणि शेवटी चार पर्याय देऊन एक प्रश्न. मुलाला व्हिडिओतली चूक दिसली तर सांगायची सोय नाही, शंका विचारायची सोय नाही, दुसऱ्या मुलाने काय उत्तर दिलं ते बघायची तर बातच सोडा. दोन महिन्यांत मुलांनी शोधून काढलं की 'पुढे' भराभर दाबलं की पूर्ण झाल्याची टिक येते. याला मी हुशारी म्हणते, पण तुमच्या रिपोर्टात ते शंभर टक्के प्रगती म्हणून गेलं असणार.

याच्या उलट एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा, निबंधात चार ओळी लिहायला रडणारा, त्याला विकिपीडियावर एका पक्ष्याच्या लेखात चूक दिसली. त्याने बदल केला, थोड्या वेळात कुणीतरी तो उलटवला. हा चिडला. पुन्हा बदलला, पुन्हा उलटवला. मग माझ्याकडे आला, मॅडम मी बरोबर आहे तरी काढतात. मी त्याला लेखाचं चर्चा पान आणि इतिहास दाखवला, कोणी केव्हा कुठलं अक्षर बदललं सगळं तिथे असतं, आणि तिथे एका अनोळखी माणसाने शांतपणे लिहिलं होतं की तुमचं बरोबर असेलही, पण संदर्भ हवा. झालं, पुढचे चार दिवस हा मुलगा लायब्ररीत. पक्ष्यांवरचं पुस्तक शोधलं, पान नंबर लिहिला, आणि दोन ओळींचं उत्तर लिहायला त्याने पाऊण तास घेतला कारण रागात लिहिलेलं दिसू नये असं त्याचं त्यालाच वाटत होतं. बदल टिकला. संदर्भ का द्यायचा हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवतेय हो, एकालाही असं लागलेलं मी पाहिलं नाही.

स्क्रॅच बघितलंय का तुम्ही, मुलांनी स्वतः प्रोग्राम बनवायची वेबसाइट, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी २००७ मध्ये खुली केलेली? तिथे मूल एखादा गेम बनवून टाकतं, दुसरं कुठलंही मूल तो आतून उघडून बघतं, त्यात बदल करून स्वतःचा बनवतं, आणि मूळ कुणाचं होतं ते आपोआप खाली लिहिलं जातं. आमच्या वर्गात याला कॉपी म्हणतात आणि पालकांना बोलावतात. मीही बोलावलेत.

आता तुम्ही म्हणाल व्हिडिओने किती जणांपर्यंत पोचता येतं ते बघा. बघितलंय. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधल्या प्राध्यापकांनी आर्टिफिशिअल इंटेलिजन्सचा कोर्स ऑनलाइन फुकट ठेवला, सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला वीसेक हजारांनी. वीस हजारही थोडे नाहीत, मी मान्य करते, पण व्हिडिओ सगळ्यांना तेच आणि तेवढेच मिळाले होते, मग पोचणं आणि शिकणं एक कसं. आणि दुसरी बाजूही सांगते नाहीतर म्हणाल मॅडम भाबड्या आहेत, नुसती सोय ठेवली म्हणून लोक लिहीत नाहीत. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला होता, ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के नुसते बघणारे, ९ टक्के कधीमधी काही टाकणारे आणि बहुतेक सगळं लिहिणारा १ टक्का. तो १ टक्का कोण? ज्याला घरी कुणी शिकवलं तो, ज्याला हसतील याची भीती नाही तो. शाळा कशासाठी आहे मग.

बोलण्याचं पण तसंच आहे. आपण पोरांना म्हणतो तुम्ही वाचत नाही लिहीत नाही, अहो ती दिवसभरात जेवढं लिहितात तेवढं आम्ही महिन्यात लिहीत नव्हतो, फक्त ते लिहिणं म्हणजे बोलणंच आहे, हाताने केलेलं, आणि त्यात आवाज नाही चेहरा नाही. ही अडचण काही आजची नाही, १९८२ मध्ये स्कॉट फाहलमन नावाच्या प्राध्यापकांनी सुचवलं की गंमत केली असेल तर पुढे आडवा हसरा चेहरा टाकत जा, म्हणजे भांडणं होणार नाहीत. तेव्हापासून आपण त्याच भोकाला ठिगळं लावतोय. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, मी तिला 'ओके' लिहून पुढे पूर्णविराम दिला तर विचारते आई तू चिडलीयेस का. मी म्हटलं पूर्णविराम द्यायचा असतो, मी भाषा शिकवते. ती म्हणाली चॅटवर नसतो, तिथे तो दार आपटल्यासारखा वाटतो. मी दोन दिवस विचार केला, तिचं बरोबर आहे, विरामचिन्हाचा अर्थ बदललाय आणि ही गोष्ट व्याकरणाच्या कुठल्याच धड्यात नाही. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या, तेव्हापासून गप्प बसणं हेसुद्धा उत्तर झालं. वाचलंय, पण काही बोलला नाहीस. आधी पत्र पोचलं नसेल म्हणायची सोय होती, ती गेली. मुलांची निम्मी भांडणं या टिकांवरून होतात आणि आमच्याकडे तास चालू असतो मागणीपत्राचा, प्रति व्यवस्थापक.

ओळखीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला लागेल, कारण इथे तुमच्या खात्याकडून चूक व्हायची भीती वाटते.

प्रत्येक मुलाला एकच डिजिटल ओळख, खऱ्या नावाने, सगळीकडे, म्हणजे गैरवर्तन बंद होईल, अशी मागणी अधूनमधून होत असते. ऐकायला बरोबर वाटतं. दक्षिण कोरियाने हे करून बघितलंय साहेब. २००७ पासून मोठ्या साइट्सवर लिहायचं तर आधी ओळख पटवा असा नियम केला, २०११ मध्ये तिथे सुमारे साडेतीन कोटी युजर्सची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. शिव्या देणारे खऱ्या नावानेही देतात, तुम्ही राजकारणात आहात, तुम्हाला मी काय सांगणार.

आणि मुलांना दोन-तीन नावं लागतातच. चौदाव्या वर्षी माणूस एक नसतो. माझ्या मुलीचं एक अकाउंट आहे ज्यावर मामा-मावशी सगळे आहेत, तिथे ती वाढदिवसाला थँक्यू म्हणते, आणि एक आहे टोपणनावाचं जिथे ती चित्रं टाकते आणि ते मला बघायचं नाही असं ठरलंय. (बघितलं होतं, एकदा. चित्रं छान आहेत. तिला सांगितलं आणि आठवडाभर अबोला झाला.) आपल्या वेळी वर्गातली मी, मैत्रिणीकडची मी आणि घरातली मी वेगवेगळी असायची आणि मधे भिंती होत्या, खऱ्या विटांच्या. इथे भिंती नाहीत, एक फोटो टाकला की सर, आजी, शेजारी आणि ती आवडणारी व्यक्ती सगळे एकाच वेळी बघतात, मग मूल करतं काय, तर सगळ्यांना चालेल असं गुळगुळीत काहीतरी टाकतं नाहीतर लपतं. टोपणनाव ही त्यांनी स्वतः बांधलेली भिंत आहे. ती पाडू नका. आत काय धोका आहे, अनोळखी माणूस गोड बोलायला लागला तर कुणाला सांगायचं, ते शिकवा.

२००९ मध्ये फेसबुकने लाइकचं बटण आणलं आणि त्याने काय झालं ते मी घरातच बघितलं. माझ्या मुलीने आधी ड्रॅगन काढले, मग एकदा डोळे काढले, डोळ्यांना खूप लाइक्स आले, मग सहा महिने नुसते डोळे. मी विचारलं ड्रॅगन कुठे गेले, म्हणाली ते चालत नाहीत.

आणि पुसण्याचं काय? मूल स्वतः काही लिहायच्या आधीच आम्ही त्याची ओळख लिहून मोकळे होतो. शाळाच बघा, निकाल लागला की नाव, फोटो, टक्के, सगळं शाळेच्या पानावर. स्पर्धेत रडणाऱ्या पोराचा व्हिडिओ 'क्यूट' म्हणून. त्या पोराला विचारलं कुणी? कॅलिफोर्नियात २०१५ पासून कायदा आहे की अठराच्या आतल्या मुलाला स्वतः टाकलेलं काढून टाकता आलं पाहिजे, पण तो फक्त स्वतः टाकलेल्याबद्दल, दुसऱ्याने टाकलेल्याबद्दल नाही, म्हणजे आई-बाप आणि शाळा सुटले. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या नियमात पुसून घ्यायचा हक्क जास्त रुंद आहे. निदान शाळांपुरतं तरी तुम्ही एका परिपत्रकात करू शकता, विद्यार्थ्याने मागितलं की काढायचं, कारण विचारायचं नाही, वर्ष संपलं की तसंही काढायचं. शाळेत वहीतली चूक खोडता येते म्हणून मूल चुकायला घाबरत नाही, आणि न घाबरता चुकलं तर शिकतं, वेबवर हे उलटं झालंय.

बंदीचं विचाराल तर ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी केली. मी त्याला हसणार नाही, रात्री दोनला स्क्रोल करणारं मूल मी बघितलंय, कंपन्यांना जबाबदार धरलंच पाहिजे. पण सोळावा वाढदिवस झाल्यावर सकाळी काय? पंधरा वर्षं ३६४ दिवस 'पुढे' दाबलेलं मूल एकदम भर चौकात. चर्चा कशी करायची, उलटवलेलं कसं सहन करायचं, डिलीट केलेल्याचा स्क्रीनशॉट असतो हे, यातलं काही कुणी सांगितलेलं नाही.

तर मागणी, आता मागणीपत्रच आहे तर. त्या ॲपमध्ये प्रत्येक धड्याखाली मुलांना लिहायची जागा द्या, टोपणनावाने, बाहेरच्या कुणाला न दिसणारी, शिक्षक बघतील अशी, बदलाचा इतिहास दिसणारी आणि मुलाला पुसता येणारी. यासाठी नवीन टॅबलेट लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि तो आमच्याकडे नाही कारण आम्ही 'पुढे' दाबून आलेल्या टिकांचे रिपोर्ट भरतोय, ते अर्धे करा. आणि 'संदर्भ हवा' म्हणणाऱ्याला मुलाने चांगलं उत्तर दिलं तर त्या उत्तराला मार्क ठेवा, निबंधाचे पाच कमी करा माझी काही तक्रार नाही.

हे सगळं मी आधी तुमच्या खात्याच्या पोर्टलवर लिहायला गेले होते. तिथे पाचशे अक्षरांची मर्यादा आहे, आणि पाठवल्यावर मेल आला की या मेलला उत्तर देऊ नये. म्हणून इथे.

आधी एका वर्गात करून बघायचं असेल तर माझा वर्ग आहे. आठवी, बेचाळीस मुलं, शुक्रवारचा शेवटचा तास रिकामा असतो.

आपली,
एक भाषाशिक्षिका