खेळपट्टी येते ट्रेलरवरून

मेलबर्न

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मार्च ते सप्टेंबर फुटबॉल (इथला, लंबगोल चेंडूचा) चालतो, तर डिसेंबरात कसोटीची खेळपट्टी येते कुठून, असं तुम्ही विचारलंत. ती बाहेर तयार होते आणि ट्रेलरवरून आत येते.

हा पेच मैदानाइतकाच जुना आहे. मेलबर्न क्रिकेट क्लबला ही जागा १८५३ साली मिळाली. इथल्या हिवाळ्यात (जून ते ऑगस्ट) क्रिकेटपटूंचं अंग जड होऊ नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये फुटबॉलची कल्पना मांडली, पुढच्या वर्षी नियमही लिहिले गेले. पण हिरवळ खराब होईल या धास्तीने तो खेळ बरीच वर्षं कुंपणाबाहेरच्या माळावर ठेवला. मार्च १८७७ मध्ये जगातली पहिली कसोटी इथे झाली, आणि त्याच सुमारास फुटबॉलही आत आला. १९५६ च्या ऑलिंपिकचं हेच मुख्य मैदान. आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं ते इथेच.

खरी अडचण मातीची. इथली खेळपट्टी मेरी क्रीक या ओढ्याकाठच्या काळ्या चिकणमातीची. आपल्या काळ्या रानासारखीच ती, वाळली की दगड आणि भिजली की राड. क्रिकेटला ती दाबून घट्ट केलेली हवी, फुटबॉलला मात्र पाणी झटकन मुरणारी वाळूमिश्रित जमीन. पावसाळी हिवाळ्यात मैदानाचा मधला चौकोन म्हणजे नुसता चिखल व्हायचा. १९७७ मध्ये टीव्ही वाहिनीचा मालक केरी पॅकर याच्या बंडखोर सामन्यांना क्रिकेटची मैदानं मिळेनात, तेव्हा एका फुटबॉल मैदानात बाहेर वाढवलेल्या खेळपट्ट्या आणून बसवल्या. मेलबर्नने १९९६ पासून हीच पद्धत घेतली.

सुमारे २४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २० सेंटीमीटर खोल पोलादी साचा असतो. त्यात माती थराथराने भरून रोलरने दाबतात, वर गवत वाढवतात. वजन पंचवीस टनांच्या आसपास, त्यामुळे उचलताना साचा जरा जरी वाकला तरी माती तडकते. क्रिकेटचा हंगाम संपला की तो काढून खड्ड्यात वाळूवरची हिरवळ बसवतात. सांधा वर-खाली राहिला तर धावणाऱ्याचा घोटा गेलाच, म्हणून तिथली पातळी फार काटेकोरपणे बघावी लागते.

साच्यातल्या मातीचा खालच्या जमिनीशी संबंध तुटलेला. ती सगळीकडे सारखी वाळते, नैसर्गिक खेळपट्टीसारख्या भेगा पडत नाहीत, आणि पाचव्या दिवशीही चेंडू पहिल्या दिवसासारखाच येतो. २०१७ च्या बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) कसोटीत पाच दिवसांत जेमतेम २४ बळी पडले, इंग्लंडच्या कुकने नाबाद २४४ केल्या, आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. त्यानंतर गवत जास्त राखायला लागले. पण २०२५ मध्ये ते १० मिलिमीटर ठेवलं तर दोन दिवसांत ३६ बळी! मला विचाराल तर क्युरेटरइतकं, म्हणजे खेळपट्टी तयार करणाऱ्याइतकं अवघड काम त्या मैदानावर कुणाचंच नाही. दोन-तीन मिलिमीटर गवतात सगळा सामना फिरतो.

आणखी एक गंमत, इथे सूर्य उत्तरेकडून असतो. हिवाळ्यात उत्तरेकडच्या उंच स्टँडची सावली गवतावर दिवसभर पडून राहते, म्हणून चाकांच्या मांडवांवर दिवे लावून ते मैदानभर फिरवतात आणि गवताला उजेड देतात.

आईला नमस्कार सांगा.

तुमचा,
धाकटा