जवान सेवेत असताना त्याच्या घराचा वाली कोण? माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार. मी बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेकाठच्या एका गावात राहते. माझे पती भारतीय सैन्याच्या पायदळात नायक आहेत आणि त्यांची सध्याची नेमणूक नियंत्रण रेषेजवळ आहे. त्यांच्या युनिटचे आणि ठाण्याचे नाव मी लिहीत नाही; ते कोठेही लिहायचे नसते, हे लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी शिकले. घरी सासू-सासरे, चौथीत शिकणारा मुलगा, अंगणवाडीत जाणारी मुलगी आणि साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. पती शांत भागातील छावणीत होते तेव्हा आम्ही क्वार्टरमध्ये त्यांच्यासोबत राहिलो. पुढच्या भागात कुटुंब नेता येत नाही, म्हणून मुलांना घेऊन गावी परतले आणि तेव्हापासून घराचा आणि वावराचा कारभार माझ्या हाती आहे.

आपल्या खात्याच्या नावाची सुरुवात ‘माजी’ या शब्दाने होते, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण त्या शब्दातच आहे. जवान निवृत्त होऊन घरी आला की त्याची नोंद आपल्याकडे होते. त्याला वीरमरण आले तर त्याच्या पत्नीची आणि मुलांची नोंद आपल्याकडे होते. मधली पंधरा-सतरा वर्षे, ज्यांतली कित्येक तो हिमात, वाळवंटात किंवा जंगलात काढतो, त्या वर्षांत त्याच्या घराची वेगळी नोंद तालुक्याच्या कोणत्याही कार्यालयात मला आढळलेली नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या कामात सेवेतील जवानांच्या कुटुंबांना साहाय्य करणे हेही येते, याची मला जाणीव आहे. परंतु ती कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, त्यांचे मनुष्यबळ मोजके असते आणि माजी सैनिक, वीरपत्नी, शिष्यवृत्त्या, ओळखपत्रे आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी एवढा भार त्यांच्यावर असतो. आमची अडचण मात्र तलाठ्याच्या कार्यालयात, सेतू केंद्रात, बँकेच्या खिडकीशी आणि तहसीलच्या व्हरांड्यात उभी राहते. तिथे आमच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

सासऱ्यांचे वय झाले म्हणून वाटणी करून वावर पतीच्या नावावर झाले. सातबाऱ्यावर नाव त्यांचे, आधारही त्यांचे आणि आधारला जोडलेला मोबाइलही त्यांच्याचजवळ. अतिवृष्टीत आमचे सोयाबीन पाण्याखाली गेले, पंचनामा झाला, यादीत नाव आले, विशिष्ट क्रमांकही मिळाला. पैसे खात्यात जमा होण्यासाठी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, करायची होती आणि त्यासाठी खातेदाराचा अंगठा हवा होता. खातेदार तर दीड हजार किलोमीटरवर. मी त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि मुखत्यारपत्र दाखवले. केंद्रावरचा मुलगा भला होता. तो म्हणाला, “वहिनी, मी समजतो, पण मशीन मुखत्यारपत्र वाचत नाही.” फार्मर आयडीच्या वेळीही हेच झाले, ओटीपी आला तो त्यांच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल ठाण्यावर बंद करून जमा केलेला. ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते, आणि आमचे बोलणे कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी होते.

आधारला जोडलेले सिम घरीच ठेवावे, असा सल्ला मला अनेकांनी दिला. त्याच क्रमांकावर त्यांचा पगार, बँक आणि सेवेच्या नोंदी आहेत. तो घरी ठेवला तर त्यांची तिकडची कामे अडतात. शिवाय अंगठ्याचा प्रश्न सिमने सुटत नाही. गेल्या वेळी त्यांना वीस दिवसांची रजा मिळाली, त्यातले नऊ दिवस ते माझ्यासोबत एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. मुलीने बापाला ओळखायला दोन दिवस घेतले होते, आणि तिला त्यांची सवय होईपर्यंत त्यांची बॅग पुन्हा भरून झाली होती.

यावर मार्ग काढता येतो, हे मी शासनाच्याच एका कामावरून सांगते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. त्या ॲपमध्ये घरातल्या कोणाच्याही मोबाइलवरून खातेदाराच्या पिकाची नोंद करता येते, म्हणून दर हंगामात मी स्वतः धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून तूर-सोयाबीनचे फोटो काढते आणि नोंद करते. शेतकऱ्याच्या घरात एकच माणूस हजर असेल असे त्या कामात गृहीत धरलेले नाही. तीच मुभा सेवेतील जवानाच्या बाबतीत इतर ठिकाणी का मिळू नये? त्याच्या कमांडिंग ऑफिसरचा दाखला आणि त्याने नेमलेल्या एका व्यक्तीचे आधार, मग ती पत्नी असो, आई असो वा वडील, एवढे तहसीलदारांनी एकदा पडताळून नोंदवावे आणि नेमणूक संपेपर्यंत त्या व्यक्तीचा अंगठा आणि ओटीपी खातेदाराचा मानावा. जिथे केंद्र शासनाची प्रणाली आडवी येते तिथे आपण केंद्राशी बोलावे. जिथे निर्णय राज्याच्या हातात आहे तिथे तो आपण घ्यावा.

दुसरी बाब कोर्टकचेरीची आहे आणि तिच्यामुळे माझी झोप अधिक उडाली. शेजारच्या खातेदाराने आमचा वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. पेरणीला बैलगाडी न्यायची कुठून, म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला. त्यानंतर समोरच्या बाजूने धुऱ्याच्या मोजणीवरून पतीच्या विरोधातच दुसरे प्रकरण दाखल झाले. नोटीस त्यांच्या नावाने आली, तारखा पडत गेल्या, आणि हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल होईल असे मला तोंडी सांगण्यात आले. त्याच सुमारास गावातल्या एका सेवानिवृत्त सुभेदार काकांनी मला भारतीय सैनिक (वादविवाद) अधिनियम, १९२५ याची माहिती दिली.

महोदय, हा कायदा इंग्रजांच्या काळातला आहे आणि त्याला शंभर वर्षे झाली. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा सैनिक दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांनी न्यायालयाला तसे प्रमाणित करून कळवावे, न्यायालयाने ते प्रकरण थांबवावे आणि त्याच्या गैरहजेरीत विरोधात निकाल गेलाच असेल तर न्यायहितासाठी तो रद्दही करता यावा, अशी तरतूद त्यात आहे. दिवाणी न्यायालयांबरोबर महसुली न्यायालयेही त्यात येतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले लाखो शिपाई फ्रान्स आणि मेसोपोटेमियात लढत असताना इकडे त्यांच्या जमिनींचे दावे चालत राहिले. लढणाऱ्याचे शेत त्याच्या पाठीमागे जाऊ नये एवढी समज त्या परक्या राजवटीलाही ठेवावी लागली. मी त्या कायद्याचे नाव घेतले तेव्हा कार्यालयातल्या कोणीही ते ऐकलेले नव्हते. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितलेलेच नाही. प्रत्येक जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि दिवाणी न्यायालयापर्यंत या कायद्याचे मराठीतले परिपत्रक पोहोचवणे आणि सुनावणीची तारीख जवानाच्या रजेशी जुळवून देणे, याला शासनाला फारसा खर्च येणार नाही.

आता मे २०२५ विषयी लिहिते. ६ मे रोजी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि त्यानंतर १० मेच्या संध्याकाळी मारा थांबल्याचे जाहीर होईपर्यंत, आणि पुढचे दोन दिवस, आमच्या घरी त्यांची काहीही खबर नव्हती. ती नसणार, हे मला समजत होते. लढाईच्या वेळी जवानाने घरी फोन लावत बसू नये, हे कोणत्याही जवानाच्या बायकोला सांगावे लागत नाही. पण टीव्हीवर रात्रंदिवस सायरन वाजत होते; अखेर वाहिन्यांनी हवाई हल्ल्याच्या सायरनचे आवाज वापरू नयेत असे केंद्राला सांगावे लागले. गावच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आपल्या तालुक्यातला एक जवान गेला’ असा निनावी संदेश फिरला. ती बातमी खोटी होती, परंतु ती खोटी आहे हे सांगणारे अधिकृत माणूस आम्हाला रात्री अकरा वाजता कोठे सापडणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील आमच्या दारात आले. ते पाण्याच्या टँकरविषयी विचारायला आले होते. त्यांना पाहताच सासूबाई ओसरीवरून उठल्या आणि भिंत धरून खाली बसल्या, कारण तशी बातमी आणणारी माणसे कोण असतात हे सैनिकाच्या आईला ठाऊक असते. पोलीस पाटलांना आपली चूक कळली, त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले, आणि तेव्हापासून ते आमच्याकडे यायचे असले की आधी फोन करून कामाचे स्वरूप सांगतात. आमच्या घरी अनोळखी क्रमांकाचा फोन कापायचा नाही, असा नियम आहे. १२ मे रोजी तसा एक फोन आला आणि चाळीस सेकंद बोलणे झाले.

लष्करी हालचालींची माहिती आम्ही मागत नाही. आमचे मागणे एवढेच आहे की अशा दिवसांत प्रत्येक जिल्ह्यात चोवीस तास उचलला जाणारा एक दूरध्वनी असावा, त्यावर सैन्याच्या कार्यपद्धतीची जाण असलेला माणूस, शक्यतो माजी सैनिक, बसलेला असावा आणि अफवा कानावर आली तर ‘अशी कोणतीही सूचना जिल्ह्याकडे नाही’ हे एक वाक्य त्याने अधिकाराने सांगावे. दुःखद बातमी असेल, तर ती कुटुंबाला कळण्याआधी कोणत्याही लोकप्रतिनिधीने किंवा पत्रकाराने जाहीर करू नये, असा स्पष्ट आदेश असावा.

त्या दिवसांपासून सासूबाईंची झोप गेली आहे. सेवेतील जवानाच्या आईवडिलांना उपचारासाठी लष्करी रुग्णालयाचा आधार असतो, पण आमच्यापासून एकीकडे कामठी तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि दुसरीकडे छत्रपती संभाजीनगर. रात्री झोप येत नाही आणि छातीत धडधडते, यासाठी सत्तरीच्या बाईला घेऊन एवढा प्रवास कोणी करत नाही. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मदतवाहिनी देशभर २०२२ पासून आहे आणि सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा स्वतंत्र कक्षही २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. हे मला फार उशिरा आणि योगायोगाने कळले. आपल्याकडे शेतकरी आत्महत्या झालेल्या चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे आणि त्यात आशाताई घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करतात. आमच्या गावच्या आशाताईंच्या यादीत सेवेतील जवानाचे घर म्हणून आमची नोंद असती, तर त्या मे महिन्यात विचारपूस करायला आल्या असत्या. सासूबाई माझ्याजवळ रडत नाहीत. त्यांच्याजवळ कदाचित रडल्या असत्या.

हे सारे मी सैन्यातील जवानाची पत्नी म्हणून लिहीत असले, तरी गणवेशाच्या रंगावरून घरांत भेद व्हावा असे मला वाटत नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात आमच्या जिल्ह्यातले जे दोन जवान गेले, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. त्याच वर्षी १ मे रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि एक वाहनचालक मरण पावले. विदर्भाच्या एका टोकाला रणभूमी राहिलेली असताना त्या जवानांची घरे केवळ दुसऱ्या खात्याची म्हणून बाजूला राहू नयेत.

म्हणून माझी मुख्य विनंती अशी की प्रत्येक तालुक्यात एका नायब तहसीलदारांकडे सेवेतील जवानांच्या कुटुंबांची जबाबदारी नावानिशी सोपवावी, त्यांच्याकडे अशा घरांची नोंदवही असावी आणि महिन्यातून एक दिवस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा प्रतिनिधी त्यांच्याशेजारी बसावा. नवे कार्यालय, नवे पद किंवा नवे अनुदान यांपैकी काहीही मी मागत नाही. पगार आम्हाला मिळतो आणि त्यात आमचे घर चालते.

धुऱ्याच्या प्रकरणात पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पतीची रजा मंजूर झालेली नाही. त्या दिवशी मी स्वतः जाणार आहे आणि १९२५ च्या कायद्याची प्रत, युनिटचा दाखला आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जाची पोच सोबत नेणार आहे. आपले परिपत्रक त्याआधी तहसीलपर्यंत पोहोचले, तर तो कायदा काय आहे हे मला तिथे समजावून सांगावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
सेवेतील एका जवानाची पत्नी,
जि. बुलढाणा