विणणं आणि विकणं

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही म्हणालात, "त्या लोकरीत तुझे किती तास जातात, एकदा मांडून बघ." मला राग आला आणि मेसची वेळ झाली म्हणून मी फोन ठेवला. जेवून आले, वही काढली आणि खरंच मांडलं. तेव्हा आधी हिशेबच देते.

दिवाळीच्या आधी मी क्रोशाच्या झेंडूची 14 तोरणं करून विकली. एका तोरणाला 11 तास लागतात. फुलं भराभर होतात. वेळ खातं ते पुढचं काम. पानं टाचायची, धाग्याची टोकं आत ओवून लपवायची, सगळं एका पट्टीवर सारख्या अंतराने बसवायचं. एका तोरणाला 140 रुपयांची लोकर, विकलं 450 ला. हातात राहिले 310, म्हणजे तासाला 28 रुपये. एकूण 154 तास आणि 4,340 रुपये. मेसचा एक महिना आणि वर थोडे.

हे 154 तास ज्या पाच आठवड्यांतून काढले, त्याच आठवड्यांत टोपॉलॉजी या गणिताच्या विषयाची अंतर्गत परीक्षा होती. मला 30 पैकी 11 पडले. हे मी तुमच्यापासून लपवलं होतं. पाच वर्षं कमावल्यानंतर पुन्हा तुमच्या पेन्शनला हात लावायचा, हे मला जड जात होतं, म्हणून येईल त्या ऑर्डरला हो म्हणत गेले. एक तोरण तर रंग जास्त गडद हवा होता म्हणून पुन्हा केलं, त्याचे तास वरच्या आकड्यात धरलेलेही नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री अडीच वाजता मी पानं टाचत बसले होते आणि पुस्तक उशीखाली होतं. त्या रात्रीचं मला अजून वाईट वाटतं.

तर ऑर्डरी मी बंद केल्या आहेत. दोन वर्षांची एम.एस्सी. संपेपर्यंत एकही घेणार नाही, हा शब्द देते.

पण आई, विणणं मी सोडणार नाही. विणणं आणि विकणं यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि माझं सगळं वर्ष त्या एका अक्षरात अडकलं होतं. विकणं वाईट आहे असं मला वाटत नाही. तासाला 28 रुपये वाईट आहेत. आपल्या गल्लीतल्या बायका तुझ्याकडे लोकर आणून द्यायच्या आणि महिन्याभराने स्वेटर घेऊन जायच्या. वर "तुला काय, बसल्या बसल्या होतं" असंही म्हणायच्या. तू कधी एक पैसा घेतला नाहीस. मला ते तेव्हाही खटकायचं.

आणि तू फोनवर म्हणालीस ना, "माझं वेगळं होतं, मला वेळ होता"? आई, तुला वेळ कधी होता? कुकरच्या दोन शिट्यांच्या मध्ये तू एक ओळ काढायचीस. कराड-सातारा एसटीत, खिडकीकडेच्या सीटवर, खड्ड्यांतसुद्धा तुझा टाका सुटायचा नाही. मावशीच्या बाळंतविड्यातली कुंची, टोपडं, मोजे, सगळं तू माझ्या दहावीच्या वर्षी पहाटे उठून केलंस, कारण मी अभ्यासाला बसले की तूही शेजारी सुया घेऊन बसायचीस. मी एकटी जागी नाही, हे मला त्या सुयांच्या टकटकीवरून कळायचं. आता तुझी बोटं सुजतात आणि सुई धरवत नाही. तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा तू माझ्या हातात दिलास, तेव्हा मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही.

तो डबा इथे माझ्या टेबलावर असतो. दहा नंबरच्या सुयांवर बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर चालू आहे, राखाडी रंगाचा. बोहरी आळीतून लोकर आणली, सगळे गोळे एकाच वेळी घेतले, नाहीतर पुढच्या लॉटमध्ये रंग फिरतो, हे तूच शिकवलंस. पाठ झाली आहे, पुढा मुंढ्यापर्यंत आला आहे.

आता अभ्यासाबरोबर हे कसं बसवते ते सांगते, म्हणजे बाबांची काळजी कमी होईल. रेकॉर्ड केलेलं लेक्चर दुसऱ्यांदा ऐकायचं असेल तर हातात साधी सुलट सुई-उलट सुई चालते. शिवाय हात गुंतले की माझा फोनकडे जाणारा हात थांबतो आणि कान तिथेच राहतात. नवीन सिद्धता वाचायची असेल तेव्हा मात्र सुया डब्यात. आणि जाळीची नक्षी अभ्यासाबरोबर अजिबात नाही, कारण तिथेही मोजावं लागतं आणि इथेही. एकदा तसं केलं, तर सोळा टाक्यांची नक्षी पंधरावर येऊन संपली आणि सिद्धतेची तिसरी ओळही निसटली. रात्री अकरानंतर सुई हातात घेत नाही. वहीत आता रोजचे तास लिहिते. गेल्या महिन्याची सरासरी दिवसाला पाऊण तास आहे.

गेल्या आठवड्यात पुढ्याचा एक टाका सुटून आठ ओळी खाली गेला होता. पूर्वी मी घाबरून सगळं उसवलं असतं. या वेळी तू करायचीस तसं केलं. क्रोशाची सुई त्या सुटलेल्या टाक्यात घातली, वरचा आडवा धागा ओढून त्यातून काढला, मग त्याच्या वरचा, शिडी चढावी तसा एकेक पायरी करत टाका वर आणला आणि पुन्हा सुईवर चढवला. हात लावून बघितलं तर कुठे सुटला होता ते मलाही सापडेना. त्यानंतर टोपॉलॉजीचा पेपर पुन्हा सोडवायला बसले आणि तीन तास उठले नाही.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे, आणि त्यासाठीच हे पत्र एवढं लांबलं. पुढच्या महिन्यात मला सेमिनार द्यायचा आहे. विषय शोधताना वाचलं की 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी क्रोशावर एक भूमिती विणली. शाळेत आपण शिकलो की रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा जाते. एकोणिसाव्या शतकात बोयाई आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी दाखवलं की असं न मानताही भूमिती उभी राहते, आणि तिच्यात त्या एका बिंदूतून अशा असंख्य रेषा जाऊ शकतात. ते डोळ्यांसमोर आणणं फार अवघड. कागदाचे नमुने करायचे, ते फाटायचे. या बाईंनी दर ठरावीक टाक्यांनंतर एक जास्तीचा टाका घालत विणलं आणि तो पृष्ठभाग हातात धरता आला. तो दुमडला की घडीची रेषा सरळ येते. त्यावर रंगीत दोऱ्याने टाके घालून पहिल्या रेषेला कुठेच न मिळणाऱ्या त्या रेषा दाखवता येतात.

फोटो बघितला आणि मी उभीच राहिले. आई, ती तुझ्या टोपड्याची झालर आहे.

आठव, तू सांगायचीस: रुमाल गोल आणि सपाट हवा तर दर फेरीला 12 खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. मी मांडून बघितलं. 81 खांबांपासून सुरू करून प्रत्येक फेरीला बाराच वाढवले, तर 93, 105, 117, 129. पण दर तिसऱ्या खांबानंतर एक जास्तीचा घातला तर 108, 144, 192, 256. चार फेऱ्यांत तिपटीच्या वर! एवढे खांब सपाट मावणार कुठे? म्हणून ते वरखाली लाटा घेतात. तू म्हणायचीस, "झालर फार लोकर खाते." का खाते, ते तुझ्या मुलीने इतक्या वर्षांनी गणितात वाचलं. मी सरांना सांगितलं की माझी आई हे चाळीस वर्षं करत आली आहे. ते म्हणाले, नमुना आणा.

म्हणून एक काम आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, माझ्या दुपट्यात गुंडाळलेलं गुलाबी टोपडं असेल. ते काढा. आई, झालरीला तू दर कितव्या खांबाला वाढवत होतीस ते आठवून सांग. बोटांनी दाखवलंस तरी बाबा लिहून घेतील. आणि बाबा, चष्मा लावून प्रत्येक फेरीचे खांब मोजा आणि फेरीवार आकडे कागदावर लिहा. घाई नको, दिवसाला एक फेरी केली तरी चालेल. मग टोपडं आणि कागद दोन्ही कुरिअरने पाठवा.

मोजताना पहिल्या खांबाला लाल दोरा बांधा, नाहीतर गोलात कुठून सुरुवात केली ते कळत नाही.

तुमची,
धाकटी