भोक पाडल्याने गळती थांबत नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत कॅम्पर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, देखभालीवर आलेला लेख वाचला. टायर, बॅटरी आणि गॅसबद्दलचा भाग नीट लिहिला आहे. पण ‘बुडाची शीट फुगलेली दिसली तर तिला भोक पाडा, पाणी निघून जाईल’ एवढ्या एकाच वाक्यात लेखकाने गळतीचा विषय उरकला, ते वाचून राहवलं नाही. ही शीट म्हणजे ट्रेलरला खालून ठोकलेलं आवरण, पाइप आणि टाक्या तिच्या आत असतात. मी आयुष्यभर प्लंबिंगचं काम केलं. आता रोजचं काम सुटलं तरी ओळखीचे लोक ट्रेलर घेऊन दारात उभे राहतातच. बहुतेक ट्रेलरांच्या बुडाला भोक आधीच पाडलेलं असतं आणि त्यावर चिकटपट्टीही लावलेली असते!

भोक पाडू नका असं माझं म्हणणं नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शीटच्या पोटात पन्नास लिटर साठलं तर स्क्रू उपटून ती शीट चालत्या गाडीखाली लोंबायला लागते. तेव्हा सर्वांत खोलगट जागी लहानसं भोक पाडून पाणी काढावंच लागतं. ते बादलीत धरा, हातमोजे घाला आणि तोंड बाजूला ठेवा, कारण ते पाणी संडासाच्या टाकीतलंही असू शकतं. मात्र यात दुरुस्ती काहीच झाली नाही, फक्त साठलेलं पाणी निघालं. गळती होती तिथेच आहे.

आधी हे पाणी कुठलं ते ठरवायला हवं. त्यासाठी शीट उघडायचीही गरज नसते. सगळे नळ बंद करून टाकीतलं पाणी नळांना देणारा ट्रेलरचा पंप चालू ठेवा. दाब भरला की पंप थांबतो आणि तो थांबलेलाच राहायला हवा. कोणी नळाला हात न लावता तो मध्येच घुरघुरला, की दाबाच्या पाइपात कुठेतरी गळती आहे असं समजा. यातही एक मेख आहे. पंपाच्या आतला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह झिजला असेल तर पाणी गुपचूप टाकीत परत जातं आणि बाहेर एक थेंबही न सांडता पंप पुन्हा पुन्हा सुरू होतो. संडासाचा पाण्याचा व्हॉल्व्ह आत झिरपत असला तरी तेच. म्हणून पंपाच्या आवाजासोबत खाली थेंब पडतात का तेही बघायचं. बाहेरच्या नळाला जोडल्यावरच गळत असेल, तर त्या नळाचा दाब मोजा. ट्रेलरचे पंप साधारण 45 ते 55 पीएसआयला (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) थांबतात. बाहेरचा नळ कधी कधी याच्या दुप्पट दाब देतो. दाब कमी करणारा रेग्युलेटर न लावता थेट जोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि फाटलेल्या फिटिंग्जही.

पंप गप्प आहे आणि तरी खाली ओल आहे, असं असेल तर दाबाच्या पाइपांचा नाद सोडा. मग टाकी, तिची भरायची नळी, नळीवरचा क्लॅम्प आणि टाकीची हवानळी बघा. काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर आणि ब्रेक मारल्यावर हिंदकळून हवानळीतून बाहेर येतं. ती नळी शीटच्या आतच मोकळी सोडलेली असेल तर प्रत्येक प्रवासात बुडात पाणी, आणि ट्रेलर उभा असताना सगळं कोरडं. सांडपाण्याचे पाइप तपासायला सिंक भरून ठेवायचं आणि बूच एकदम काढायचं. बारीक धारेत न गळणारा सांधा भरल्या पाइपाला गळतो. रस्त्याच्या धक्क्यांनी सिंक आणि शॉवरखालच्या ट्रॅपचे (वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपाचे) नट सैल होतात, हे तर नेहमीचंच. सांडपाण्याची आणि संडासाची, या दोन टाक्यांपैकी कोणती गळते ते कळत नसेल तर दोन्हींत वेगवेगळा खाण्याचा रंग टाका आणि खाली कोणता रंग उतरतो ते बघा. या युक्तीला लोक हसतात, पण अंदाज बांधत बसण्यात जाणारा वेळ तिने वाचतो.

आणि ट्रेलरमध्ये पाणी भरलेलंच नाही, फक्त पाऊस झाला आणि बूड ओलं झालं, तर गळती वर आहे. छताच्या कडा, झडपेभोवतीचं सीलंट, खिडकीची चौकट, बाहेर सरकणाऱ्या खोलीचं रबर. पाणी भिंतीच्या पोकळीतून खाली उतरतं आणि बुडात येऊन थांबतं. ही गळती शोधताना पाण्याची नळी खालून वर न्यायची, एका जागी बराच वेळ धरायची आणि मगच पुढे सरकायचं. थेट छतावर पाणी सोडलं तर सगळंच भिजतं आणि हाती काही लागत नाही.

मालक मला नेमकी थेंब पडतो ती जागा दाखवतात. थेंब पडतो तिथे गळती असेलच असं नाही, किंबहुना बहुतेक वेळा नसतेच. चेसिसच्या लोखंडी पट्टीवरून, तारांच्या जुडग्यावरून पाणी सरपटत उताराकडे जातं आणि शीटला जिथे फट सापडेल तिथे बाहेर पडतं. पुढचा जॅक थोडा वर-खाली करून ट्रेलरचा कल बदला. थेंबाची जागा हलली तर ते पाणी दुसरीकडून वाहत आलं आहे असं समजा.

शीट उघडायची वेळ आलीच तर तीन बाजूंनी कापा आणि चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवा. सुरीचं पातं आखूड हवं, कारण शीटला लागूनच पाइप आणि ब्रेकच्या तारा असतात. वीज आधी बंद करावी हे सांगायला नको. आत भिजलेलं फायबरग्लास इन्सुलेशन दिसेल. ते सुकवून परत कोंबायचा मोह टाळा आणि फेकून द्या. शीट आणि ट्रेलरच्या तळफळीच्या मध्ये दाबलं गेलेलं इन्सुलेशन पाणी धरून ठेवतं आणि वरचं प्लायवूड कुजवतं. प्लायवूडला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक आत रुतलं तर तेवढा भाग बदलावाच लागेल. कडक असेल तर पंखा लावून लाकूड पुरतं कोरडं होईपर्यंत शीट उघडीच ठेवायची. वरून कोरडं दिसतं म्हणून चार तासांत बंद करणाऱ्यांना मी नंतर पुन्हा भेटतो.

सांध्यांबद्दल एवढंच सांगतो, की दाबाच्या पाइपाला बाहेरून सिलिकॉन फासून काही होत नाही. पेक्स पाइपाची (हा लवचीक प्लास्टिकचा पाइप) सांधा आवळणारी कडी वाकडी बसली असेल तर तो तुकडा कापून नवा सांधा करा. ज्या प्लास्टिकच्या नटात शंकूच्या आकाराचं रबर असतं तिथे टेफ्लॉन टेप लावायची नाही, कारण पाणी ते रबर अडवतं, आटे नव्हे. असा नट हातानेच आवळायचा. पान्याने पिळला की तडकतो. पिण्याच्या पाण्याची टाकी सहसा पॉलिथिलीनची असते आणि तिला सिलिकॉन धरत नाही. तडा गेला तर त्याच प्लास्टिकने वेल्डिंग करावं लागतं किंवा टाकी बदलावी लागते. गोठणाऱ्या थंडीत ट्रेलर उभा ठेवणाऱ्यांनी पाइप आणि पंप आधी रिकामे करावेत. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, आणि त्याने तडकलेली फिटिंग थंडी संपून पहिल्यांदा पंप लावला की कळते.

माझा खरा राग मात्र ट्रेलर बनवणाऱ्यांवर आहे. टाक्या, व्हॉल्व्ह आणि अर्धे सांधे बुडात टाकायचे आणि खालून अखंड शीट ठोकून द्यायची, ही कसली रचना? ज्या ज्या जागी पाइपाचा सांधा आहे तिथे स्क्रूने उघडणारं झाकण आणि पुस्तिकेत पाइपांचा एक नकाशा, एवढं दिलं तर मालकांना आंधळेपणाने शीट फाडावी लागणार नाही. मी शीट परत लावताना प्रत्येक सांध्याखाली असं झाकण करतो आणि आतल्या बाजूला मार्करने पाइप कुठून कुठे जातो ते लिहून ठेवतो. ट्रेलर घेणाऱ्यांनी विक्रेत्याला बाकीच्या चौकशीबरोबर हाही प्रश्न विचारावा.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रात एक गृहस्थ फक्त जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली झोपलेले दिसतात. चाकांना अडवणारे ठोकळे नाहीत आणि चेसिसखाली स्टँडही नाहीत. जॅक घसरला तर पळायला वेळ मिळत नाही. पुढच्या अंकात त्या छायाचित्राबद्दल खुलासा छापावा.

आपला,
एक निवृत्त प्लंबर