‘कुटुंब’ आणि जबाबदारी

महोदय,

करोनाकाळातल्या कामाबद्दल परवा आमच्या गावात सत्कार झाले. शाल, नारळ, सगळं यथासांग. म्हणून हे पत्र. मी दापोली तालुक्यातली आशा स्वयंसेविका.

मे २०२० मध्ये मुंबईहून चाकरमानी आले. त्यांना शाळेत ठेवायचं की घरी, हे देवळाच्या सभामंडपात पुरुषांनी ठरवलं. मी पायरीवर बसून नावं लिहीत होते. शाळेत संडास एकच, त्यालाही कडी नाही. एक बाई आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. बोलले तर म्हणाले, ‘चौदा दिवसांचा तर प्रश्न!’ शेवटी मीच घरून सुंभ नेऊन बांधला.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. पंचनाम्यात होडी आली, जाळी आली, माड आले. शेजारणीची पावसाळ्यासाठी साठवलेली सुकट भिजून कुजली, ती कुठल्या रकान्यात बसेना. होडी नवऱ्याच्या नावावर, मासळी विकणारी ही.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. जुनी माणसं बायकोलाच कुटुंब म्हणतात, तेव्हा जबाबदारी कुणाची ते नावातच आलं! केंद्राचा करोना भत्ता तेव्हा होता महिना १,००० रुपये. जून २०२१ मध्ये आम्ही आशा राज्यभर संपावर गेलो, तर गावातल्याच एकाने सेवाभाव शिकवला. स्वयंसेविका ना आम्ही, कर्मचारी थोड्याच!

चाकरमान्यांच्या नावांची ती वही अजून माझ्या फडताळात आहे. सत्काराची यादी करताना कुणी मागितली नाही.

– एक आशा स्वयंसेविका, दापोली